टाकीभोवतीचं पाणी

मन्मथ गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडात, ऑटोत होतो. त्याची बायको रडत सांगत होती आणि मी वेड्यासारखा विचारत होतो, "वहिनी, डॉक्टरांनी नीट बघितलं ना? दुसऱ्या कुणाला दाखवलं का?" हा त्याच्याच संगतीत जडलेला रोग. कुणी काही सांगितलं की आधी शंका घ्यायची...

पूर, वीज, वादळ आलं तर कारखान्यात काय फुटेल, काय पेटेल, हे तपासायचं काम आम्ही दोघं मिळून करायचो. मी कागद बघायचो, तो माणसांची तोंडं. गोदावरीकाठच्या एका कारखान्यात व्यवस्थापकाने भिंतीवरची पूररेषा मोठ्या कौतुकाने दाखवली, तर या गड्याने तिच्यावर नख घासलं. "रंग ताजा हाय साहेब. पूर कधी आलता?" व्यवस्थापकाला घाम फुटला. असा छळवादी माणूस! मी कितीदा त्याच्यावर चिडलो असेन. आता चिडायलाही तो नाही, याचं फार वाईट वाटतं.

त्याच्या थोरल्या बहिणीच्या, शोभाअक्काच्या नवऱ्याचा औसा रस्त्यावर सोयाबीन तेलाचा कारखाना आहे. नात्यातली तपासणी दुसऱ्याला दे, असं मी म्हटलं होतं. "दुसरा दाजींच्या घरी जेवून सही करील," तो म्हणाला आणि स्वतःच गेला. तेल काढायला लागणारं सॉल्व्हंट पेट्रोलसारखं पेटतं. ते गळलं तर बाहेर पसरू नये म्हणून टाकीभोवती कमरेएवढी भिंत असते. पावसाचं पाणी तिच्यात साचलं की वर तवंग नाही ना ते बघायचं आणि झडप उघडून सोडून द्यायचं. मन्मथला भिंतीच्या आतून शेवाळ दिसलं. दाजी हसले. "झाडांना घालतो की ते. लातूरच्या माणसाला पाणी सोडून दे म्हणून राहिलास व्हय?"

तसं दाजींचंही खोटं नव्हतं. पिण्याच्या पाण्यासाठी रेल्वेची वाट बघितलेलं हे गाव. इथे कोरड्याची भीती सगळ्यांना, पाण्याची कुणालाच नाही. पण मन्मथ ऐकेना. "दाजी, पाऊस पहिल्यासारखा राहिला न्हाई. महिन्याचं पाणी एका दुपारी पडतंय. भिंत आधीच भरलेली, अन् टाकी रिकामी होत आलेली असली, तर घागरीवानी तरंगल. पाइप तुटले की सॉल्व्हंट पाण्यावरून थेट बॉयलरपाशी. आत माणसं असतेत."

दाजींनी शब्द दिला. काही दिवसांनी मन्मथ न सांगता पुन्हा गेला, तर पाणी तसंच. त्याने अहवालात कारखाना धोक्याचा आहे असं लिहून टाकलं. अक्का त्याच्या दारात येऊन कडाडली, "सख्ख्या बहिणीच्या घरात चोर हुडकून राहिलास! आजपासून मला भाऊ न्हाई." ती पुन्हा त्याच्याशी बोलली नाही. तो गेला तोवर नाहीच.

मागच्या आठवड्यात मी लातूरला वहिनींना भेटायला गेलो. अक्का आणि दाजी तिथेच होते. आदल्या दिवशी धो धो पाऊस झाला होता. "आता पाऊस झाला की झडप उघडतोय," दाजी आपणहून म्हणाले. अक्काने नवऱ्याकडे टक लावून पाहिलं आणि मला म्हणाली, "भाऊ, गाडी काढ. बघून येऊ."

भिंतीत गुडघाभर पाणी होतं. "आजच राहिलं बघ," दाजी मागून म्हणत होते. अक्काने पदर खोचला, मी सांगितलं तसं वाकून तवंग आहे का ते निरखलं, आणि बाहेरची झडप दोन्ही हातांनी फिरवली. पाणी नालीत धावलं.

"चल आता. जाईल ते आपलं आपण," दाजी म्हणाले.

"तुम्ही जावा. मन्या असता तर तळ दिसस्तोवर हलला असता का?"

तिच्या डोळ्यांना धार लागली होती, पण नजर झडपेवरच होती. मलाही हुंदका आवरला नाही. तळ उघडा पडल्यावर तिने झडप बंद केली, हात पुसले.

"पाऊस झाला की मी येऊन बघीन," ती म्हणाली. "पर तू मधीच, न सांगता येत जा भाऊ... माझ्यावर बी भरवसा ठेवू नको."