पिल्लू न विकणारा धनगर

रानडुकरं माझी वांग्याची वाडी अशी खायची, की त्यांच्या ढेकरांनी शेजारचं गाव जागं व्हायचं. म्हणून राखणीचं पिल्लू विकत घ्यायला कामरगावच्या बाजारात गेलो. तिथला म्हातारा धनगर मुलीच्या बापासारखी चौकशी करू लागला आणि माझ्या प्रत्येक उत्तरासरशी पिल्लू घोंगडीत आणखी आत सारू लागला.

“घरी ताक होते का? बांधून तं नाही ठेवसान?”

तेवढ्यात त्याला माझ्या बैलगाडीखाली बसलेलं खरजुलं कुत्रं दिसलं. बैलांजवळ कोणी फिरकलं की ते गुरगुरायचं.

“हे कोनाचं?”

“कोनाचंच नाही. वाटंत भाकर देल्ली, तं मांगच लागलं.”

“पाटील, राखन तं सुरूबी झाली! माह्यं पिल्लू कायले नेता?”

आता डुकरं पार दूरच्या पोहरादेवीवरून वळसा घालतात. आणि ते कुत्रं मलाही रोज हुंगून, धनगरासारखी चौकशी करूनच वाडीत सोडतं.