तिसरा धक्का

केळव्याचा नरहरी भूकंपाला जितका भितो तितका बायकोलाही भीत नाही, आणि बायकोला तो किती भितो हे सगळ्या वाडीला ठाऊक आहे. तारापूरच्या एका कारखान्यात तो प्रयोगशाळेत नमुने तपासतो आणि बोईसरच्या एका साप्ताहिकात विज्ञानावर लिहितो. डोंगरपट्टीत धक्के बसू लागले, माणसं घाबरली, तेव्हा लोकांची भीती घालवायला त्याने लेख लिहिला: 'सध्या रोज सरासरी तीन सौम्य धक्के जाणवतात.' लिहून झालं आणि हा शूर लेखक अंगणात खाट टाकून झोपला.

चार दिवसांनी कारखान्यातला हेल्पर सुका प्रयोगशाळेच्या दारात आला.

"सर, पाड्यावर चला. आई पोरीला घरात नेत नाय."

सुकाची पोर दोन महिन्यांची. धक्क्यांच्या भीतीने थंडीत बाहेर ताडपत्रीखाली राहून छाती भरलेली. डॉक्टरने औषध दिलं होतं आणि उबेत ठेवायला बजावलं होतं.

"का नेत नाही?"

"तुमीच लिवलं ना. मी वाचून दाखवलं. आज दोनच झाले. तिसरा झाल्याबिगर आत जायचं नाय, म्हणते. सगळा पाडाच बाहेर बसलाय."

दुपारी सुकाच्या मोटारसायकलवरून नरहरी पाड्यावर पोचला. सुकाची आई सोमी नातीला छातीशी धरून बसली होती. पोरीची घरघर चार हातांवरून ऐकू येत होती.

"सोमीबाय, सरासरी म्हणजे कधी पाच होतील, कधी एकही नाही."

"मंग तीन कशाला लिवलं?"

नरहरी घराकडे वळला. "हे कारवीच्या काठ्यांच्या कुडाचं घर. वर पेंढा. हलकं आहे, हलेल, पण चिरडणार नाही. माझ्या स्लॅबच्या घरापेक्षा बरं."

"मंग तुमी बसा आत."

सगळा पाडा बघत होता. नरहरी आत गेला. मधल्या खांबाला त्याने अशी मिठी मारली की लग्नातही कुणाला मारली नसेल. डोळे गच्च मिटलेले, कपाळावर घाम.

बऱ्याच वेळाने सोमी दारात वाकली.

"भ्या वाटतंय?"

"फार."

"आनि तरी बसलात?"

"घर खरंच हलकं आहे, सोमीबाय."

सोमी पोरीला घेऊन आत आली, चुलीपाशी बसली आणि म्हणाली, "सुका, लाकडं आन. सरांना एकट्याला नाय बसवत."

पुढच्या लेखाचं पहिलं वाक्य होतं: 'मला भूकंपाची भीती वाटते.' सुकाने ते पाड्यावर दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा, सोमीने सांगितलं म्हणून.