पारखून आणलेली बदकं

माझा कोणावरही विश्वास नाही. हा स्वभावदोष नसून नोकरीतली सवय आहे. रोह्याच्या एका कंपनीत मी तीस वर्षं आलेल्या मालाचे नमुने तपासले. पिंप उघडायचं, वास घ्यायचा आणि ‘माल परत’ असा शेरा मारायचा. निवृत्त होऊन पेणला घरी बसलो तेव्हा तपासायला काही उरलं नाही, म्हणून मी दूध, भाजी आणि पाहुणे तपासू लागलो. (पाहुणे कमी झाले. दूध तसंच आहे.)

घरामागे सुनंदाचे, म्हणजे आमच्या मंडळींचे, माठ-मुळ्याचे पाच-सहा वाफे होते आणि त्यात अमाप गोगलगायी होत्या. शेजारच्या तुळसावहिनींच्या परसात मात्र गोगलगाय औषधालाही सापडत नसे, कारण त्यांच्याकडे बदकं होती. तुम्हीही आणा, वहिनी म्हणाल्या. निडी गावात त्यांचा भाऊ हसूराम बदकं पाळायचा, तो चांगली देईल. भावाचं नाव निघालं आणि माझे कान टवकारले. बहीण गिऱ्हाईक धाडते, भाऊ माल खपवतो! मी सुनंदाला तसं म्हणालोही. ती म्हणाली, “तुळसाबद्दल एक शब्द बोलायचा नाही.”

मुलगी सासरी गेल्यापासून सुनंदाला या आळीत जिवाभावाची अशी एवढी एकच बाई. नवरे मिठागरावर आणि कंपनीत राबायचे तेव्हापासून या दोघी रोज दुपारी आमच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसत. तांदूळ बशीभर, गप्पा पोतंभर. त्या गप्पांवर सुनंदाचा दिवस निघतो हे मला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक असून मी पुढचे उद्योग केले.

निडीला जाण्याआधी मी जातींचा अभ्यास केला. पांढरी पेकिन जात मी पहिल्या फटक्यात बाद केली. ती मुख्यतः मांसासाठीची, आणि परसात राहून इतकं पांढरंशुभ्र राहणाऱ्या प्राण्यावर माझा विश्वास नाही. मस्कोवीच्या तोंडावर लाल गाठी असतात, तेव्हा ती सकाळी सकाळी दृष्टीला नको. रनर नावाची जात बाटलीसारखी उभ्याने चालते. बदकाने एवढं ताठ चालायचं कारण काय? राहता राहिली खाकी कॅम्बेल. अंड्यांना एक नंबर! गोगलगायी सुनंदाच्या, अंडी माझी, असा मी मनात हिशेब मांडला.

हसूरामच्या वाडीत वीसेक खाकी कॅम्बेल होती. बहुतेक सगळी अंगभर तपकिरी आणि कानठळ्या बसतील एवढी ओरडणारी. एका कोपऱ्यात मात्र सहा जण शांत उभे होते. डोकं हिरवट काळं, चकचकीत, आणि शेपटीवर एकेक पीस ऐटीत वर वळलेलं. हसूरामने सरळ सांगितलं, त्या तपकिरी पाच माद्या न्या आणि कोपऱ्यातला एक नर न्या.

आता मी पेणचा माणूस. आमच्या गावात गणपतीच्या कारखान्यांत रंगाचा हात मारून मातीची काय काय रूपं करतात ते मी जन्मभर पाहिलंय. गावठी बदकाला खाकी रंग द्यायला कितीसा वेळ लागतो? मी खिशातून ओलं फडकं काढलं, एक तपकिरी बदक बगलेत धरलं आणि खसाखसा पुसलं. फडकं तपकिरी झालं!

“साहेब, चिखल हाय तो,” हसूराम म्हणाला.

असं सगळेच म्हणतात. उलट त्या हिरव्या डोक्यावरची झिलई बघा. तशी झिलई आमच्या पेणच्या रंगाऱ्यालाही साधायची नाही, म्हणजे ती अस्सल. राहिला नर-मादीचा प्रश्न. त्यावर माझं डोकं असं चाललं: अंडी देणारी मादी कोण विकेल? हा माणूस नरांना माद्या म्हणून गळ्यात मारणार आणि माद्या नर म्हणून स्वतःकडे ठेवणार. शिवाय कोंबड्यांत आरवतो कोण? कोंबडा. म्हणजे हे ओरडणारे सगळे नर आणि गप्प उभ्या त्या घरंदाज माद्या. (मोर मला त्या दिवशी आठवला नाही.) मी कोपऱ्यातली सहाच्या सहा मागितली. हसूरामने तीनदा सांगून पाहिलं, मग कपाळाला हात लावला आणि बदकं टोपलीत घातली. त्याचा तो हताश चेहरा पाहून माझी खात्रीच पटली. चोरी पकडल्यावर चेहरा असाच होतो.

बदकांनी पंधरा दिवसांत वाफे साफ केले. सुनंदा खूश झाली आणि तुळसावहिनींचं कौतुक करू लागली. अंडं मात्र एक नाही. महिना गेला, दीड महिना गेला. शेवटी मी कुंपणापाशी उभा राहून, पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं की येत्या रविवारी निडीला जातो आणि चार माणसांसमोर हसूरामला जाब विचारतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुराड्यात दोन अंडी! तिसऱ्या दिवशी पुन्हा दोन. निडीला जाणं मी रद्द केलं आणि आळीभर माझ्या पारखीची कीर्ती सांगत फिरलो. आठवडाभर मी सुखात होतो. मग एका सकाळी ऑम्लेट खाता खाता मी हिशेब मांडला. बदकं सहा, अंडी दोन. उरलेली चार कुठे जातात?

मुंगसावर संशय घेतला, पण मुंगूस दोन अंडी मागे कशाला ठेवेल? एक दिवस सुनंदावरही घेतला, पण तिला अंड्याचा वास सोसत नाही, म्हणून निर्दोष सोडली. शेवटी देवघरातला रांगोळीचा डबा घेऊन मी खुराड्याभोवती पांढरा पट्टा ओढला. सकाळी पट्ट्यात अनवाणी पावलं उमटलेली होती, आणि ती तुळसावहिनींच्या परसातून येऊन तिकडेच परत गेली होती.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमाराला मी केळीमागे दबा धरून बसलो. वहिनी आल्या, वाकल्या, खुराड्यात हात घातला. मी केळीतून बाहेर उडी घेतली आणि “सापडली चोरी!” म्हणून असा ओरडलो की समोरच्या घरांच्या खिडक्या उघडल्या. सुनंदा धावत आली. वहिनींच्या हातात दोन अंडी होती.

“न्यायला नाय भावजी, ठेवायला आलते,” त्या म्हणाल्या. “तुमचे सगळे नर हायत. हसूनं पैल्याच दिवशी सांगितलं. तुम्ही निडीला जाऊन त्याची अब्रू काढली असती, मग हिचं-माझं बोलणं तुटलं असतं. म्हणून माझ्या बदकांची दोन रोज ठेवीत व्हते.”

त्यांनी अंडी धुण्याच्या दगडावर ठेवली आणि त्या घरी गेल्या. खिडक्या हळूहळू बंद झाल्या. माझी रांगोळी पायाला लागून सुनंदाच्या साडीभर झाली होती.

त्या दुपारी वहिनी आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. सुनंदा ओट्यावर एकटी बसायची आणि कालचे निवडलेले तांदूळ आज पुन्हा निवडायची. तिने मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. चौथ्या दिवशी मला ते बघवेना. खरंच वाईट वाटलं. पाच नर टोपलीत घातले आणि निडीची गाडी पकडली.

हसूराम रागावला नाही. नर सोडून घेतले आणि वाडीकडे हात करून म्हणाला, “निवडा. फडका आणलाव काय?”

मी म्हटलं, तुम्ही द्याल ती. त्याने पाच तपकिरी, चिखलाने माखलेल्या, बोंबलणाऱ्या माद्या दिल्या. पेणपर्यंत सगळा डबा माझ्याकडे बघत होता आणि मी खिडकीबाहेर.

घरी न जाता मी टोपली घेऊन आधी तुळसावहिनींच्या दारात उभा राहिलो. “वहिनी, चुकलो. तुमच्यासारख्या माणसाला चोर म्हणालो, माझीच अक्कल गहाण पडली होती.”

त्यांनी टोपलीचं झाकण उचलून बघितलं.

“पाची माद्या हायत. नीट तपासून घेतल्यात ना?”

“नाही. हसूरामने दिल्या तशा आणल्या.”

वहिनींनी मला वरपासून खालपर्यंत निरखून पाहिलं. मग कुंपणाकडे वळून हाक मारली, “गो सुनंदा, तांदूळ घेऊन ये गो. भावजींना काय तरी झालंय.”

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. ओट्यावरच्या गप्पांचा आवाज बदकांवर ताण करतो. रांगोळीचा डबा सुनंदाने कुठेतरी लपवलाय, आणि तो मी शोधत नाही. परसात पाच माद्या आणि एक नर सुखाने नांदतात. सकाळी मी अंडी मोजतो, तेवढी सवय राहिली आहे. कधी चार असतात, कधी पाच. आणि एखाद्या सकाळी सहा!

त्या सकाळी नर मान वाकडी करून माझ्याकडे बघतो आणि मी नराकडे बघतो. आम्हा दोघांनाही एकमेकांचा दाट संशय आहे.