रुमालाखालचा सौदा

आमच्या गल्लीतल्या नामवंत परीकथालेखकाने आपल्या लोभी राक्षसाला माझंच नाक दिलं, हा माझा जुना राग. त्याने स्वतः काढलेल्या चित्रांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा बायकोला घेऊन भांडायच्या तयारीनेच गेलो.

एका चित्रात राक्षस आपला पंखांचा घोडा राजपुत्राला विकत होता. बैलबाजारात आम्ही दलाल सौदा करतो तसाच, रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवत.

"नाक तुमचंच हो!" बायको हसली.

"गप गं!"

पण राक्षसाचा दुसरा हात घोड्याच्या मानेवर होता आणि डोळे भरून आले होते. स्वतःचा खोंड विकताना माझे डोळे मी कुणाला दिसू दिले नव्हते. जे जगात नाही ते रंगवणाऱ्याला हे कुठून दिसलं? आता भांडू तरी कशावरून?