एकशे तीस, ऐंशी

निदान हा डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातला सर्वात पवित्र संवाद असतो. हे वाक्य माझं आहे. काही वर्षांपूर्वी रोह्याच्या एका सभागृहात माझा सत्कार झाला, तेव्हा मी ते उच्चारलं. खांद्यावर शाल होती, हातात नारळ होता आणि सन्मानचिन्हावर माझं आडनाव एका अक्षराने चुकलं होतं. टाळ्या पडल्या. पंखे बंद होते, त्यामुळे त्या वाक्याला पडल्या की भाषण संपत आल्याच्या आनंदाला, ते सांगता येणार नाही.

त्या वाक्याखाली जे दडलेलं आहे ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही. मुलगा डॉक्टर आहे – त्याला तर नाहीच. आज का सांगतोय? माहीत नाही. कंटाळा आला असेल. लपवण्याचाही एक कंटाळा असतो – त्याबद्दल कुठल्या पुस्तकात मला वाचायला मिळालं नाही.

मी राहतो पेणला. दवाखाना गडब गावात, हायवेच्या कडेला, एका टायरच्या दुकानाशेजारी. एकतीस वर्षं झाली. सर्दी, ताप, जुलाब, खरूज, गुडघे, शुगर, बीपी. एवढ्या काळात मला एकही दुर्मीळ आजार सापडला नाही. सापडला असेल, तर मी तो ओळखला नाही. माझ्यासारख्या डॉक्टरचं काम तेच – नेहमीचे आजार नेहमीच्या पद्धतीने ओळखायचे आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायचं. यात शौर्य नसतं. मोजणं असतं. मोजायचं, लिहायचं, पुढच्या वेळी पुन्हा मोजायचं. कुणालाही जमेल असं काम.

माझे केस पेपर प्रसिद्ध होते. हसू नका, खरंच होते. जाड पांढरा कागद, वर नाव-वय, खाली तीन चौकटी – वजन, बीपी, तक्रार. प्रत्येक भेटीला नवा कागद, तिन्ही चौकटी भरलेल्या. कागद पेशंटने घरी ठेवायचा आणि येताना आणायचाच. विसरला तर मी ओरडायचो. त्यामुळे डोंगराकडच्या वाडीतली माणसंसुद्धा – पावसात ज्यांच्या घरात कोरडं काही राहत नाही – माझा कागद मात्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वाशाला टांगून ठेवायची.

आता चौकटीबद्दल. बीपीची चौकट रिकामी राहिली की वाईट दिसते. आणि बीपी मोजायला वेळ लागतो. बाही वर सारायची, पट्टा बांधायचा, फुगवायचा, पारा उतरेपर्यंत कान देऊन बसायचं. बाहेर चाळीस माणसं. मग काय करायचं?

गावात एक निवृत्त मुख्याध्यापक होते. ते स्वतःच्या बीपीचा आलेख काढून आणत. “मागच्या गुरुवारी एकशे अठ्ठावीस होतं, आज एकशे बत्तीस. कारणमीमांसा काय?” असं विचारत. त्यांना मी “या सर, बसा” म्हणायचो आणि दोन्ही दंडांचं मोजायचो. वाडीतल्या बाईला मी “बस गो” म्हणायचो. ती बसायची. ती कधी आकडा विचारायची नाही. तिला वाचता यायचं नाही.

तुम्हाला कळलं असेल. पण मलाच सांगू द्या – कळून घेणं तुमच्याकडे ढकललं की माझं सुटतं.

जो आकडा विचारणार, त्याचं मी मोजायचो. जो विचारणार नाही, त्याचं मी लिहायचो. एकशे तीस, ऐंशी. एकशे वीस लिहिलं तर फार सुबक वाटतं. एकशे तीस कष्टाच्या माणसाला शोभतं. बघा, खोटं लिहितानाही मी विचार केला होता. किती वर्षं? बरीच. किती जणांचं? ते मी मोजलेलं नाही. मोजण्याची माझी सवय कशी होती, ते आत्ताच सांगितलं.

यमुना त्यांतलीच. वाडीतली, पंचेचाळिशीची, लावणी-कापणीला दुसऱ्याच्या शेतात जाणारी. नवरा लहू, हायवेच्या कामावर. एका उन्हाळ्यात ती तीनदा आली. डोकं दुखतं, मागच्या बाजूने, सकाळी जास्त. घेरी येते. आता वैद्यकीच्या पहिल्या इयत्तेतला विद्यार्थीही सांगेल की इथे आधी बीपी बघायचं. मीही सांगितलं असतं – परीक्षेत विचारलं असतं तर. मी म्हटलं, उन्हात फिरतेस, उपाशी राहतेस, चहावर जगतेस. यातलं काही खोटं नव्हतं. दुखण्याची सुई दिली, गोळ्या दिल्या. त्या जातीच्या गोळ्यांनी चढलेलं बीपी आणखी चढतं, हे मला माहीत होतं. पण तिचं चढलेलं नव्हतं ना – कागदावर एकशे तीस, ऐंशी होतं. तिन्ही वेळा. माझ्याच अक्षरात.

“सुई जोरातली मारा दाक्तर,” ती म्हणायची, “मागची नुसती पान्याची व्हती.” बाहेर बसलेल्या बायका हसायच्या. मीही हसायचो. वाडीत माझ्याशी अशी बोलणारी ती एकटीच.

चौथ्यांदा तिला लहूने सहा आसनी रिक्षात घालून आणलं. सकाळचे आठ. तोंड वाकडं, उजवा हात लोंबणारा, बोलायला जावं तर नुसती लाळ. मी पट्टा बांधला. तिच्या दंडाला तो पट्टा पहिल्यांदा लागत होता. पारा दोनशे वीसच्या वर ठोके ऐकवत राहिला.

त्या क्षणी मला काय वाटलं? तिची काळजी वाटली, असं लिहायला आवडलं असतं. मला आधी त्या पिशवीची आठवण झाली. लहूच्या हातात होती ती. पेणच्या एका साडीच्या दुकानाची, आत माझे तिन्ही कागद. दवाखान्यात येताना कागद आणायचाच – बायको मरायला टेकली तरी तो विसरला नव्हता.

मोठ्या दवाखान्यात पाठवताना मी चिठ्ठी लिहिली. ‘यापूर्वी रक्तदाब नॉर्मल. आज अचानक वाढ.’ कागदांशी जुळायला हवं होतं. संध्याकाळी तिथल्या एका तरुण डॉक्टरचा फोन आला. म्हणाला, सर, खेड्यात इतकं नीट रेकॉर्ड मी पहिल्यांदा बघतोय, असं एकाएकी होतं कधी कधी, नाही का? मी म्हटलं, होतं. तो म्हणाला, तुमच्याकडून शिकण्यासारखं आहे. बिचारा मनापासून बोलत होता.

ती वाचली. उजवा पाय ओढत चालायला लागली, बोबडं का होईना बोलायला लागली. हात आला नाही. लावणी दोन हातांची असते. पुढे दोन महिन्यांनी तो रोह्याचा सत्कार, ती शाल, ते वाक्य. बोलताना माझ्या डोळ्यांसमोर यमुना होती का? नव्हती. खोटं कशाला सांगू. आडनाव चुकलंय, ते कुणाला आणि कसं सांगावं, हे होतं.

गोष्ट इथे संपली असती तर मी कदाचित गप्पच राहिलो असतो. एक जुनी चूक, त्यानंतर मी प्रत्येकाचं मोजायला लागलो – तसा खरंच लागलो – आणि सुधारलेल्या माणसाला सगळे माफ करतात. पण लिहिलेला आकडा कागदावर पडून राहत नाही. कधीतरी त्याला वाचता येणारं माणूस भेटतं.

यमुनाला सून आली. रेश्मा. दहावी पास, रोह्याला एका कंपनीत पॅकिंगला, तीन शिफ्टमधली. सुट्टीच्या दिवशी सासूला घेऊन आली. तीच साडीच्या दुकानाची पिशवी. तिने सगळे कागद तारखेप्रमाणे माझ्या टेबलावर लावले. जुने तीन वर, नंतरचे खाली.

“दाक्तर, एक इचारू? रागवू नका.”

“विचार.”

“गोळ्या नव्हत्या तवा आईचं एकशे तीस-ऐंशी. तिन्ही वेळा. गोळ्या चालू झाल्या तवापासून एकशे पन्नास, एकशे शेहेचाळीस, पुन्ना एकशे पन्नास. म्हंजे गोळीच वाढवते ना?”

एकतीस वर्षांत माझ्या दवाखान्यात कागदावरून इतकं स्वच्छ अनुमान कुणी काढलं नव्हतं. माझ्यासकट. तिच्याजवळ जी माहिती होती तिच्यावरून दुसरा निष्कर्ष निघतच नव्हता. ती पुढे म्हणाली, “मी बंद केल्या. पंधरा दिस झाले.”

मी पट्टा बांधला. दोनशेला दहा कमी.

आता काय करायचं ते तुम्हीच सांगा – नको, सांगू नका, ते मला तेव्हाही माहीत होतं. तीन शब्द पुरले असते. ते आकडे खोटे. तेवढ्याने तिने गोळ्या चालू केल्या असत्या. यमुना पुन्हा आडवी होऊ नये यासाठी ते तीन शब्द हे एकच औषध माझ्याजवळ होतं.

मी म्हणालो, “तेव्हा हे यंत्र बिघडलेलं होतं. आकडे चुकीचे दाखवायचं. नंतर दुरुस्त करून घेतलं.”

रेश्माने यंत्राकडे बघितलं. टेबलावर पाऱ्याचं जुनं यंत्र, उघडं, तिच्या सासूच्या दंडाला जोडलेलं. मग तिने सासूला विचारलं, “व्हय गो आई? बिघडलेली व्हती मशिन?”

आणि यमुनाने माझ्याकडे बघितलं.

ती बघत राहिली. किती वेळ, ते नक्की नाही – पट्ट्यातली हवा मी सोडली, ती पूर्ण निघून जाईपर्यंत. तिला ठाऊक होतं. तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? दंड तिचा होता. त्या उन्हाळ्यात तीन वेळा त्या दंडाला काहीही लागलं नव्हतं. ती वाचत नसेल, पण पट्टा आवळला की कळतं की नाही?

“व्हय,” ती म्हणाली, जीभ जड, एकेक शब्द ठेवत. “हवा सुटायची तिची. फुस्स करायची. दाक्तर वैतागायचं.” मग डाव्या हाताने सुनेला ढोसून, “मशिनीचं काय घेऊन बसलीस. चल, गोळ्या घे लिवून.”

रेश्मा ओशाळली. मला म्हणाली, सॉरी हां दाक्तर.

यमुनाने असं का केलं? मी पुष्कळ विचार केला आहे आणि एकही उत्तर मला मानवलेलं नाही. दया आली असेल, म्हणावं तर मला ते परवडत नाही. महिन्याला पुन्हा याच दारात यायचं आहे, दुसरा डॉक्टर जवळ नाही, त्याला उघडा पाडून कसं चालेल – हा हिशेब असेल तर तोही माझ्यामुळेच तिला करावा लागला. आणि खरं सांगू? त्या क्षणी मला यातलं काहीच वाटलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. मी पेन काढलं आणि गोळ्या लिहिल्या. अक्षर नेहमीप्रमाणे सुवाच्य आलं.

ती अजून येते. दर महिन्याला, आता एकटी, काठी टेकत. मी तिला “या, बसा” म्हणायला लागलो, तेव्हा तिने मागे वळून बघितलं, आणखी कोण आलंय म्हणून. डावा हात आपणहून पुढे करते. मी मोजतो, आकडा मोठ्याने सांगतो. ती “बरं” म्हणते. त्या दिवसाबद्दल आम्ही कधी बोललो नाही. मी काढला नाही विषय, तिने काढावा असा माझा तिच्यावर हक्क नाही. सुई जोरातली मारा, असं ती आता म्हणत नाही.

रेश्मा आली त्याच आठवड्यात मी बॅटरीवर चालणारं नवं यंत्र आणलं. जुनं पाऱ्याचं कपाटात ठेवलं, सन्मानचिन्हाशेजारी. मध्यंतरी एकदा दोन्ही बाहेर काढली आणि पाच-पाच मिनिटांच्या अंतराने स्वतःचं बीपी मोजलं, आधी जुन्यावर, मग नव्यावर.

जुनं यंत्र बरोबर आहे.