दामोदरबाबांनी अंगावर घेतलेली चूक

दामोदरबाबांची आणि माझी पहिली भेट पेडण्यातल्या त्यांच्या छोट्या छापखान्यात झाली. माझे वडील, अण्णा, इब्रामपूरचे निवृत्त मास्तर. त्यांनी जन्मभर जमवलेल्या शेतीतल्या शब्दांचे हस्तलिखित घेऊन मी गेले होते. अण्णांची नजर झपाट्याने जात होती आणि आपले पुस्तक त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचे होते. दामोदरबाबांनी चार पाने चाळली आणि म्हणाले, "अक्षरजुळणी तूच कर, बाय. हांव शिकयतां."

छपाईचे खिळे जुळवण्यात हयात गेलेले हे गृहस्थ साठीनंतर संगणक शिकले. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून जुळणीची पॅकेजेस, म्हणजे एकेका भाषेसाठी लागणारे संगणकातले संच, कशी बसवायची, कशी काढायची, हे त्यांनी मला घरी येऊन शिकवले. प्रत्येक आज्ञा ते वहीत उतरवून ठेवत. आम्ही त्या वहीला हसायचो, हे आज कबूल करते.

बसवताना यंत्र शेवटी विचारते, वाय की एन? इंग्रजी सूचना वाचायचा मला भारी कंटाळा, म्हणून मी आपली युक्ती काढली: वाय म्हणजे 'ये', एन म्हणजे 'ने'. 'ये' म्हटले की पॅकेज येते. झकास चालले होते! मग डिस्क भरली. नको असलेल्या भाषांची पॅकेजेस काढायची आज्ञा मी दिली, तर काढायच्या यादीत देवनागरीही दिसली. ही मात्र राहू दे, म्हणून शहाणीने वाय दाबले. यंत्राने ते 'यस, काढ' असे घेतले आणि अख्खी यादी गेली. पुस्तक उघडते तो शब्दांच्या जागी नुसत्या रिकाम्या चौकटी. मला रडूच फुटले.

दामोदरबाब स्कूटरवरून आले. माझी युक्ती ऐकून पोट धरून हसले. "अगो बाय, तेका खंय मराठी कळता!" मग त्यांनी वही उघडली आणि एकेक पॅकेज परत बसवत गेले. इंटरनेट घटकेत येई, घटकेत जाई. त्यात पॅकेजांच्या नव्या आवृत्तीने ओळी वेगळ्याच तोडल्या, त्यामुळे सगळी पाने पुन्हा तपासावी लागली. आठवडाभर ते रोज येत होते.

शेवटी अण्णा कडाडले, "दामोदरा, तुझ्या ढिलाईपायी माझे डोळे संपतील!"

मी तोंड उघडणार, तोच दामोदरबाबांनी हाताने मला गप्प केले. "माझीच चूक, मास्तर. चार दीस दियात."

बाहेर आल्यावर मला म्हणाले, "पुस्तक वाचताना तेंच्या मनात लेकीचो राग नाका."

नजर पुरती जायच्या आत पुस्तक झाले. अण्णांनी भिंग लावून ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचले. एक अनुस्वार राहिलेला सापडला, त्याचेही खापर त्यांनी दामोदरबाबांवरच फोडले. आता अण्णांना काहीच दिसत नाही, आणि दामोदरबाबांनी पुस्तक लांबवले ही अढी मात्र अजून कायम आहे. मला भीती वाटली, म्हणून मी गप्प बसले. याची मला लाज वाटते.

दामोदरबाबांच्या पंचाहत्तरीच्या सोहळ्यात हा लेख मीच वाचणार आहे, आणि दोघे शेजारी शेजारी बसलेले असतील. तर अण्णा, ऐका. ती पॅकेजेस मी काढली होती. दामोदरबाबांचे काहीही चुकले नव्हते.

दामोदरबाब, तुम्हांला निरोगी, उदंड आयुष्य लाभो. अण्णा तापट आहेत, पण आता तुमची माफी मागितल्याशिवाय राहायचे नाहीत. त्यांना दिसत नाही, तेव्हा हात तुम्हीच पुढे करा.