गुडघ्यावरची पगडी

दुपारचे बारा वाजले की येसूबाई पुढच्या दाराला कडी लावत. मग भिंतीला पाठ टेकून दोन्ही पाय लांब पसरत, चुलीच्या कडेला तापवलेले एरंडाचे पान उजव्या गुडघ्यावर बांधत आणि एक तास काहीही करत नसत. झोपत नसत, जप करत नसत, तांदूळही निवडत नसत. पेरूचे दिवस असले तर मीठ लावून एखादी फोड खात. बाकी नुसत्या बसत.

बडोद्याच्या वाडी भागातल्या त्या पोळाला, म्हणजे त्या गल्लीला, हे पटण्यासारखे नव्हते. चांगली धडधाकट बाई दिवसाढवळ्या दार लावून नुसती बसते, म्हणजे आत काहीतरी असलेच पाहिजे. कोणी म्हणे मंत्र साधते, कोणी म्हणे नवऱ्याशी अबोला आहे. बाईला बसावेसे वाटले म्हणून ती बसली असेल, हे मात्र कोणी म्हणाले नाही. तेवढी कल्पनाशक्ती त्या पोळात नव्हती.

दारावर पाटी होती, ‘माधवराव पगडबंद’. बडोद्यात तेव्हा दरबारात उघड्या डोक्याने जाता येत नसे, आणि कारकुनापासून सरदारापर्यंत प्रत्येक मराठी गृहस्थाला आपले डोके एकदा तरी दरबारात न्यायचेच असे. डोक्यात काय आहे हे तिथे कोणी विचारत नसल्यामुळे डोक्यावर काय आहे याला फार महत्त्व होते. माधवरावांच्या पगड्या हलक्या असत, कानशिलावर रुतत नसत. चार तास बसले तरी कपाळावर वळ उठत नसे. त्यामुळे त्यांचे नाव झाले. एका कारागिरी प्रदर्शनात त्यांना ‘हस्तकौशल्याबद्दल’ रुपेरी पदकही मिळाले. ते घेताना त्यांचे हात इतके थरथरत होते, की देणाऱ्याला पदक त्यांच्या मुठीत धरून ठेवावे लागले. हा माणूस भारावून गेला आहे, असे सभेला वाटले.

माधवरावांचे हात तिसाव्या वर्षापासून थरथरत होते. लग्नानंतर पहिली दोन वर्षे येसूबाईंनी कापडाचे टोक नुसते धरले. मग नवऱ्याच्या हातातून पीळ सुटू लागला, तेव्हा तो त्यांनी आपल्या हातात घेतला आणि पुन्हा दिला नाही. माधवराव बाहेर ओट्यावरच्या गादीवर बसून गिऱ्हाइकांशी बोलत, येसूबाई आतल्या खोलीत बांधत. ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती आणि कोणालाच माहीत नव्हती. बडोद्याच्या भल्या लोकांना अशा बाबतीत उत्तम सवय होती.

माहीत नसण्याची त्यांना विशेष गरज होती, कारण पगडी लाकडी ठोकळ्यावर बांधली की ती ठोकळ्यासारखीच बसते. चांगली पगडी गुडघ्यावर बांधतात. पाटावर बसायचे, उजवा गुडघा उभा करून त्यावर जाड फडके घट्ट बसवायचे, वीस-वीस हात लांब मलमलीचे एक टोक डाव्या पायाच्या अंगठ्यात पकडायचे आणि ओढून धरत, पीळ देत, पेचावर पेच चढवत जायचे. सगळा ताण गुडघ्यावर येतो. पुरुषाचा गुडघा असला तर ती कारागिरी. पण येसूबाईंच्या गुडघ्यावर बसून आणि पायाच्या अंगठ्यातून निघून आलेली वस्तू जे लोक मस्तकावर धारण करत, ते घरी गेल्यावर बायकोने ताट जरा जोरात ठेवले तरी आपला अपमान झाला असे समजत.

गिऱ्हाइकांची डोकी मोजलेल्या दोऱ्या आतल्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या असत. येसूबाईंना लिहिता येत नव्हते, म्हणून त्यांनी दोऱ्यांना नावे ठेवली होती. एक भोपळा, एक नारळ, एक उपडी वाटी. शेजारची विधवा गंगाबाई त्यांच्या हाताखाली काम शिकायला आली, तेव्हा भोपळ्याची दोरी पाहून म्हणाली, “एवढं मोठं डोकं? फार हुशार असतील हो.”

“मोजताना आतून काही आवाज आला नाही,” येसूबाई म्हणाल्या.

दुपारच्या तासाची कथा त्यानंतरची. धाकटे दीर रघुनाथराव यांचे काम धंदा वाढवणे हे होते. ते कचेऱ्यांतून फिरत, लोकांना विड्याची पाने देत आणि दर हंगामाला आधीपेक्षा मोठी मागणी घेऊन येत. बांधण्याखेरीज धंद्यातले सगळे त्यांना येत होते. एका वर्षी त्यांनी दसरा आणि लग्नसराई या दोन्हींची मागणी एकाच दमात उचलली. येसूबाई दिवसाला तीन-तीन पगड्या बांधू लागल्या. जेवायला उठल्या तर उठल्या, नाही तर नाही. माघात गुडघा सुजून घागरीसारखा झाला आणि त्या आडव्या पडल्या.

त्याच आठवड्यात त्यांच्या मुलीला, निरुपमेला, गोवर आला. ती शेजारच्या खोलीत होती, दहा पावलांवर. आई, आई म्हणून हाका मारत होती, आणि येसूबाईंना दहा पावले चालता येत नव्हती. मुलगी वाचली. पण त्या चार दिवसांत येसूबाईंनी मोजलेले अंतर त्या विसरल्या नाहीत. नागरवाड्यातले वैद्य पाहायला आले होते. त्यांनी गुडघा दाबून पाहिला आणि विचारले, “बाई, हा गुडघा तुमचा आहे की दुकानाचा?”

चाळीस दिवसांनी त्या उठल्या, त्या नियम घेऊनच. एका गुडघ्यावर दिवसाला दोन पगड्या, तिसरी नाही. दुपारी एक तास कडी. तोवर गंगाबाईबरोबर आणखी दोघी कामाला आल्या होत्या. नियम येसूबाई धरून चौघींना होता. रघुनाथरावांना ही लहर वाटली. लहर जाईल म्हणून ते थांबले. बारा वर्षे थांबले.

मग महाराजांच्या राज्याला पन्नास वर्षे झाली. त्या उत्सवाच्या महिनाभर आधी, हिवाळ्यात, दत्ताजीराव स्वतः वाडीत आले. एका खात्याचे ते मोठे अधिकारी होते, घराणे जुन्या कारभाऱ्यांचे, आणि भिंतीवरची भोपळ्याची दोरी त्यांचीच होती. ते नेमके बारा वाजून दहा मिनिटांनी आले.

रघुनाथरावांनी दार ठोठावले. “वहिनी, दार उघडा. दत्ताजीराव आलेत.”

“बसू देत.”

“ओट्यावर बसलेत हो उन्हात.”

“मग बसलेतच की.”

आत गंगाबाईने पदर तोंडात कोंबला. बाहेर दत्ताजीरावांनी न ऐकल्यासारखे केले आणि माधवरावांकडे वळले. “माधवराव, उत्सवासाठी आमच्या सगळ्या लोकांना नव्या पगड्या हव्यात. तीनशे. एकवीस दिवसांत. तुमच्या हाताला काय अवघड आहे?”

माधवरावांचे हात उपरण्याखाली होते.

“काहीच अवघड नाही, साहेब,” रघुनाथराव म्हणाले. “दादांचा हात म्हणजे यंत्र आहे. तीनशे झाल्या म्हणून समजा.”

“तीनशे होणार नाहीत,” दार म्हणाले.

दत्ताजीरावांनी दाराकडे पाहिले नाही. “का होणार नाहीत, माधवराव?”

माधवराव दाराकडे पाहू लागले.

“दिवसाला आठ होतात,” आतून आवाज आला. “सणवार सोडले तर दीडशे होतील. त्यावर एक नाही.”

“मग पंधरा करा, माधवराव. हे दुपारचं दार लावणं काही दिवस बंद करा. राज्याचा उत्सव रोज येत नाही. आराम काय, पुढे आहेच.”

“अगदी बरोबर, साहेब,” रघुनाथराव म्हणाले.

येसूबाई भिंतीला टेकून ऐकत होत्या. बाहेर तीन पुरुष ज्या हातांचा सौदा करत होते, ते हात वीस वर्षांपूर्वीच काम सोडून बसले होते. म्हणूनच त्यांच्याकडून काहीही मागता येत होते. नसलेल्या हातांना थकवा येत नाही, सूज येत नाही, त्यांची मुलगी पलीकडच्या खोलीत तापाने फणफणत नाही. गुडघ्याचे नाव निघत नव्हते तोवर गुडघ्याला मर्यादा असण्याचे कारण नव्हते.

तरीही त्या लगेच उठल्या नाहीत. एक वाजेपर्यंत बसून राहिल्या. मग पान सोडले, फडके आणि मलमलीचा तागा घेतला, कडी काढली आणि बाहेर आल्या. होकार घेतल्याशिवाय उठायचे नाही म्हणून दत्ताजीराव ओट्यावरच होते, आणि खाली एव्हाना पोळातली सात-आठ माणसे जमली होती.

“सरका जरा,” त्या माधवरावांना म्हणाल्या. ते सरकले.

गादीवर बसून त्यांनी लुगडे सावरले, उजवा गुडघा उभा केला, त्यावर फडके बसवले, टोक अंगठ्यात पकडले आणि पीळ द्यायला सुरुवात केली. तीन पेच चढेपर्यंत ओट्यावर फक्त कापड ओढल्याचा आवाज होता.

“साहेब, हा गुडघा,” त्या मान वर न करता म्हणाल्या. “तुमच्या डोक्यावर आहे ती गेल्या दिवाळीची. याच्यावरच बांधलेली. याच्यावर दिवसाला दोन होतात. तिसरी होत नाही.”

दत्ताजीरावांचा हात पगडीकडे गेला आणि मध्येच थांबला. ती डोक्यावर ठेवणे आता कठीण होते. पण ती काढून, सुतकात असल्यासारखे, उघड्या डोक्याने भर वाडीतून जायचे, तर लोकांनी विचारले असते, घरात कोण गेले? तो हात बराच वेळ कानाजवळ लोंबकळत राहिला. राज्यातल्या एका मोठ्या खात्याचे निर्णय घेणारा तो हात होता.

“आम्हाला माहीत नव्हतं असं नाही, बाई,” शेवटी ते हळू म्हणाले. “पण हे असं दाखवायचं नसतं.”

“दाखवलं नाही तर तीनशे होतात,” येसूबाई म्हणाल्या. “म्हणून दाखवलं.”

ते पगडीसकट गाडीत बसून गेले.

“धंदा बुडवलात, वहिनी,” रघुनाथराव म्हणाले. “एका तासासाठी.”

“तुमचा गुडघा बघू, भावोजी.”

“काय?”

“बसा इथं. टोक धरा अंगठ्यात. एक बांधून दाखवा, उद्यापासून कडी लावायची नाही मी.”

खाली कोणीतरी हसले. रघुनाथराव बसले नाहीत. महिन्याभराने ते बायकोमुलांसह करजणला सासुरवाडीच्या आश्रयाला गेले आणि आपण धंदा वाढवला कसा, हे तिथल्या बाजारात सांगू लागले. तिथे ऐकणारे मिळाले.

मागणी एका कंत्राटदाराकडे गेली. त्याने पुठ्ठ्यावर खळ लावून तीनशे पगड्या चिकटवल्या, वेळेच्या दोन दिवस आधीच. उत्सव थाटात झाला. सकाळपासून उन्हात बसलेल्या तीनशे डोक्यांवर त्या पगड्या आवळत गेल्या, आणि संध्याकाळी दत्ताजीरावांचे खाते कपाळावर लाल वळ घेऊन घरी परतले. इतक्या एकसारख्या खुणा त्या खात्याच्या कामात कधी दिसल्या नव्हत्या.

येसूबाईंना याची किंमत द्यावी लागली नाही, असे मात्र नाही. हाताखालच्या एकीचे कामाला येणे सासरच्यांनी बंद केले, कारण आता सगळ्यांना माहीत झाले होते. निम्मी गिऱ्हाइके तुटली. दोन हंगाम असे गेले, की दुपारी पाय पसरायला कारणच उरले नव्हते, कारण सकाळी ते दुमडावे लागले नव्हते. तरी बाराला कडी लागत होती. पान आता माधवराव तापवून आणत. थरथरत्या हातात एरंडाचे पान धरता येते, त्याला पीळ द्यावा लागत नाही.

तिसऱ्या वर्षी मागच्या बोळातून सुहासिनीबाई आल्या, दत्ताजीरावांच्या पत्नी. डोक्यावरून शाल, हातात दोरी.

“त्यांचं डोकं दुखतं फार. कुठलीच पगडी सोसत नाही,” त्या म्हणाल्या. “मी आलेय हे त्यांना माहीत नाही.”

“त्यांना काहीच माहीत नसतं,” येसूबाई म्हणाल्या. “दोरी कशाला आणलीत? आहे माझ्याकडे.” त्यांनी खिळ्यावरून भोपळा काढला.

“इतक्या वर्षांत डोकं वाढलं असेल का?”

“नाही हो. ते तेवढंच असतं.”

सुहासिनीबाई हसल्या, मग इकडेतिकडे पाहून पुन्हा हसल्या. त्यानंतर मागच्या बोळातून बायका येऊ लागल्या. कोणी नवऱ्याची दोरी घेऊन, कोणी सासऱ्याची. पाटी बदलली नाही. येसूबाईंनी तशी मागणीही केली नाही. पाटी वाचणाऱ्यांविषयी त्यांचे मत फारसे चांगले नव्हते.

पुढे माधवराव गेले. पगड्या कमी होत गेल्या, काळ्या टोप्या आल्या. टोपीविषयी येसूबाई एवढेच म्हणत, की ती कोणाच्याही डोक्यावर बसते. निरुपमेच्या पाठच्या मुलाची बायको चारुलता बांधायला शिकली होती, दिवसाला दोन. साठी उलटल्यावरही येसूबाई वाडीतून नागरवाड्यापर्यंत निरुपमेच्या सासरी चालत जात, टांगा न करता. त्यांच्या बरोबरीच्या गंगाबाईने मधली काही वर्षे दुसरीकडे तिसरी पगडी बांधली होती. ती ओट्याची एक पायरीही भिंत धरून उतरे.

महाराज गेले त्याच्या आदल्या वर्षी, पेरूच्या दिवसांत, येसूबाईंना चार दिवस ताप आला. पाचव्या दिवशी दुपारी चारुलताने पान आणून त्यांच्या गुडघ्यावर ठेवले. तेवढ्यात पुढच्या दारावर कोणीतरी थाप मारली आणि ती दार उघडायला उठू लागली.

“पान जास्त तापवलंस आज,” येसूबाई म्हणाल्या. “असू दे, निवेल. कडी लावलीस ना?”